पॉल, व्हर्जिनी आणि वायुभारमापक

साहित्याच्या परीक्षणांत पाऱ्याच्या नळीचें काय काम, असा प्रश्न या लेखाचें नांव पाहून कोणी विचारील, तर तो अगदींच गैर ठरणार नाहीं. कवीच्या वादळांत हवेचा दाब किती मिलिबार उतरला याचा हिशेब मागणारा टीकाकार, आणि नाटकांतील राजाजवळ त्याच्या राज्याचा सातबारा मागणारा तलाठी, हे एकाच माळेचे मणी होत. परंतु कांहीं ग्रंथांचा प्रकार निराळा असतो. त्यांचा कर्ता केवळ गोष्ट सांगावयास बसलेला नसतो. सृष्टीचें मर्म आपणांस कळलें आहे आणि तेंच आपण कथारूपानें दाखवीत आहों, अशी प्रतिज्ञा करून तो पुढें येतो. अशा ग्रंथाची झडती सृष्टीच्याच साक्षीनें घेणें हा अरसिकपणा नव्हे. उलट, त्या ग्रंथाचें खरें बळ कोठें आहे हें अशा झडतींतूनच कधीं कधीं कळून येतें. बर्नार्दें द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाच्या ‘पॉल ए व्हर्जिनी’ या कादंबरीच्या बाबतींत असेंच होतें, असें आम्हांस वाटतें.

ही छोटी कादंबरी १७८८ सालीं प्रसिद्ध झाली. कथानक थोडक्यांत असें आहे. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर (फ्रेंचांच्या अमलांत त्याचें नांव ‘ईल द फ्रान्स’ असें होतें) दोन निराधार स्त्रिया शेजारीं शेजारीं खोपटीं बांधून राहतात. एक थोर कुळांतील विधवा. दुसरी, एका प्रतिष्ठिताकडून फसविली गेलेली शेतकऱ्याची मुलगी. एकीची कन्या व्हर्जिनी व दुसरीचा पुत्र पॉल हीं बहीणभावंडांसारखीं वाढतात, आणि वयांत येतां येतां त्या स्नेहाचें प्रेमांत रूपांतर होतें. पुढें फ्रान्समधील एका श्रीमंत वृद्ध नातेवाईक बाईच्या बोलावण्यावरून व्हर्जिनीला तिकडे जावें लागतें. तेथें ठरविलेला विवाह ती नाकारते. म्हातारी तिला वारशांतून काढून परत पाठविते. आणि बेटाचा किनारा डोळ्यांसमोर असतांना जहाज खडकावर फुटून ती बुडते. पॉल व मागें राहिलेलीं माणसें एकामागून एक खचून मरण पावतात. ही हकीकत सांगतो तो त्यांचा एक वृद्ध शेजारी.

लेखकाचा या कथेमागील हेतु समजून घेणें अवश्य आहे. १७६८ ते १७७० या काळांत सँ-पिएर त्या बेटावर इंजिनियर म्हणून राहिला होता, आणि त्या प्रवासाचें वर्णन त्यानें १७७३ मध्यें छापलें. पुढें त्यानें ‘सृष्टीचें अध्ययन’ या अर्थाच्या नांवाचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा सिद्धांत हा कीं, सृष्टींतील प्रत्येक वस्तु ईश्वरानें मनुष्याच्या सोयीसाठीं योजलेली आहे. खरबुजावर फांकींच्या रेघा कां असतात? तर तें कुटुंबांत बसून वांटून खातां यावें म्हणून! समुद्राला भरती कां येते? तर ध्रुवांवरील बर्फ वितळतें म्हणून! न्यूटननें भरतीचें कारण सांगून शंभर वर्षें होत आलीं होतीं, तरी या गृहस्थाचा आग्रह सुटला नाहीं. ‘पॉल ए व्हर्जिनी’ प्रथम छापली गेली ती याच ग्रंथाच्या चौथ्या भागांत. म्हणजे ती स्वतंत्र कादंबरी म्हणून नव्हे, तर सृष्टीच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून वाचकांपुढें आली. आणि त्या दाखल्याचा शेवट कशानें होतो? सृष्टीच्याच वादळानें! फिर्यादीच्याच साक्षीदारानें उलट साक्ष द्यावी, तसला हा प्रकार आहे.

आतां त्या बेटाच्या हवेकडे वळूं. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर आहे. त्याच्या आग्नेयेस समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. त्यांतून सुटणारा आग्नेय वारा वर्षाचा बहुतेक काळ बेटावर वाहत असतो. हा वारा म्हणजे बेटाचा प्राणच. आपणां महाराष्ट्रीयांस याचें अगत्य वाटण्यास आणखी एक कारण आहे. जून ते सप्टेंबरांत तिकडे हिंवाळा असतो, तेव्हां हा दाब विशेष बळावतो, आणि तेथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडून वळतो व नैर्ऋत्येकडून कोंकणच्या किनाऱ्यावर पाऊस घेऊन येतो. पॉलच्या बागेंतील पानें हालविणारा वारा आणि आमच्या कौलांवर मृगाच्या सरी आणणारा वारा हे एकाच कुळांतले आहेत.

अशा उष्ण कटिबंधांतील बेटावर वायुभारमापकाचें वर्तन मोठें शिस्तीचें असतें. सकाळीं दहाच्या सुमारास पारा वर, दुपारीं चारच्या सुमारास खालीं. रात्रीं दहाला पुन्हां वर, पहांटे चारला पुन्हां खालीं. हा चढउतार दोन-तीन मिलिबारांहून मोठा नसतो. पण निजलेल्या माणसाच्या श्वासासारखा तो इतका नियमित असतो कीं त्यांत खंड पडला म्हणजे जाणत्याच्या काळजांत धस्स होतें. युरोपांत पारा नित्यच मोठमोठ्या उड्या मारीत असतो. तेथें चार-पांच मिलिबारांची घट म्हणजे रोजचीच गोष्ट. बेटावर तेवढीच घट म्हणजे समुद्रांत कोठें तरी काळ उभा राहिल्याची सूचना. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे तेथील उन्हाळ्यांत, ही भीति असते. इतर महिन्यांत ती जवळजवळ नसते.

सँ-पिएरच्या कथेंत वायुभारमापक कोठेंही येत नाहीं. तोरिचेल्लीनें १६४४ सालीं आपल्या पाऱ्याच्या नळीचें वर्णन एका पत्रांत केलें, त्याला कथेंतील काळीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. पण त्या खोपटांत असलें यंत्र कोठून असणार? तरीहि लेखकाची नजर यंत्राला लाजवील अशी आहे. कादंबरींत वादळें दोन आहेत. पहिलें व्हर्जिनीच्या जाण्यापूर्वीचें. डिसेंबर अखेर आहे, सूर्य थेट माथ्यावर आहे, आणि लेखक प्रथम काय नोंदवितो, तर वर्षभर वाहणारा आग्नेय वारा थांबला, हें. ज्यानें त्या बेटावर उन्हाळा काढला नाहीं त्याला हें सुचावयाचें नाहीं. तो कडाडणाऱ्या विजेनें सुरुवात करील. वारा पडतो, जमीन भेगाळते, गुरें कासावीस होतात, आणि त्याच कोंडलेल्या हवेंत व्हर्जिनीला तारुण्याची पहिली, नांव न सांगतां येणारी अस्वस्थता जाणवते. मग समुद्रावरील वाफ डोंगरांच्या शिखरांभोंवतीं जमते, मेघ फुटतात, आणि पॉलनें वर्षानुवर्षें जोपासलेली बाग पाण्यानें धुऊन जाते. संध्याकाळीं पाऊस थांबतो तो कसा? आग्नेय वारा पुन्हां सुरू होतो आणि ढगांना वायव्येकडे ढकलून देतो. दिशा तंतोतंत बरोबर आहे. वाऱ्याचें थांबणें व पुन्हां वाहूं लागणें या दोन नोंदींच्या मध्यें सगळा प्रसंग बसविलेला आहे. भावना आणि हवा यांचा असा सांधा त्या काळच्या कथावाङ्मयांत क्वचितच सांपडेल.

दुसरें वादळ म्हणजे जहाज फुटण्याचा प्रसंग. येथील पूर्वचिन्हांची मालिका पाहा. वाटाड्या सांगत येतो कीं जहाज किनाऱ्यापासून कांहीं कोसांवर आहे, वारा मिळाला तर उद्यां दुपारीं बंदरांत येईल. आणि वारा तर मुळींच नाहीं. रात्रीं चंद्राभोंवतीं काळीं कडीं दिसतात. हवा निश्चल असतांना दूरच्या खडकांवर समुद्र आपटल्याचा आवाज ऐकूं येतो. सकाळीं ढगांचा मध्य काळाकुट्ट व कडा तांब्याच्या रंगाच्या. आणि समुद्रपक्षी चहूंकडून ओरडत बेटाच्या आश्रयाला येतात. कडीं काळीं असणें हें थोडें लेखणीचें काम असेल. पण चंद्राला खळें पडणें हें खरेंच घडतें, कारण चक्रीवादळाच्या माथ्यावरून हिमकणांचे विरळ ढग शेंकडों मैल पुढें पसरतात. वारा पडलेला असतांना समुद्र गर्जतो, कारण वादळानें उठविलेल्या लांब लाटा वादळाच्या आधीं येऊन पोंचतात. ‘सायक्लोन’ हा शब्दच हेन्री पिडिंग्टननें कलकत्त्यांत बसून खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांतून १८४८ सालीं रूढ केला. म्हणजे त्यापूर्वीं साठ वर्षें ज्या घटनेला नीट नांवहि नव्हतें, तिचीं लक्षणें या कथेंत क्रमवार लिहिलेलीं आहेत.

यापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट तारखेची. ‘सँ-जेराँ’ हें जहाज काल्पनिक नाहीं. तें खरोखरच त्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फुटलें, परंतु केव्हां? १७४४ च्या ऑगस्ट महिन्यांत, म्हणजे तेथील हिंवाळ्यांत, चक्रीवादळाचा संबंध नसतांना, मार्गाच्या अंदाजांतील चुकीमुळें. कादंबरीकारानें सन तोच ठेवला, पण महिना बदलून डिसेंबर केला. जहाज नाताळांत आणून फोडलें. इतिहासाशीं त्यानें बेइमानी केली, पण ती हवेशीं इमान राखण्यासाठीं. ऑगस्टांत वादळ दाखविणारा लेखक वाचकांनीं खपवून घेतला असता. पॅरिसमध्यें कोणाला ठाऊक होतें? तरी त्यानें तें केलें नाहीं. इतकेंच नव्हे, या बदलांतून त्यानें कथेचा सर्वांत क्रूर धागा काढला: म्हातारीनें व्हर्जिनीला मुद्दाम अशा वेळीं जहाजांत बसविलें कीं ती वादळांच्या मोसमांतच बेटावर पोंचावी. निर्दयतेनें पंचांग पाहून मुहूर्त काढावा, तसें हें आहे. या एका तपशिलांत जितकी भेदकता आहे, तितकी त्या म्हातारीच्या स्वभावाविषयीं पानेंच्या पानें लिहून आली नसती.

येथें एक आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल, ‘यांत लेखकाचा सिद्धांत कोठें मोडला? सृष्टि चांगली, समाज वाईट, हेंच त्याचें म्हणणें. म्हातारीच्या लोभानें मुलगी वादळांत सांपडली. आणि खलाशी वाचवावयास तयार असतांना अंगावरचीं वस्त्रें उतरविण्यास तिनें नकार दिला, हीहि समाजानें शिकविलेली लाज. मग दोष वाऱ्याचा कसा?’ आक्षेप वरवरचा नाहीं. परंतु त्याचें उत्तर लेखकानें स्वतःच आधीं देऊन ठेवलें आहे, आणि तें पहिल्या वादळांत. पॉलची बाग वाहून गेली तेव्हां कोणता समाज आडवा आला होता? तेथें ना म्हातारी होती, ना पैसा, ना पॅरिस. निष्पाप मुलांनीं सृष्टीच्याच शिकवणीनें लावलेली बाग सृष्टीनेंच एका दिवसांत मातीला मिळविली. उद्ध्वस्त बाग पाहून व्हर्जिनी म्हणते कीं, जगांत सर्व नाशवंत आहे, न बदलणारा तो स्वर्ग एकच. फ्रेंच भाषेंत स्वर्ग आणि आकाश यांना शब्द एकच आहे! ज्याला ती अढळ म्हणते, त्याच आकाशानें घटकेपूर्वीं पलटी खाऊन तिची बाग बुडविली होती. लेखकाच्या हें ध्यानांत होतें कीं नाहीं, सांगवत नाहीं. पण खऱ्या निरीक्षणाला अशी शक्ति असते कीं तें मालकाच्या मताविरुद्ध बोलूं लागतें.

आणि म्हणूनच, जेथें लेखक निरीक्षण सोडून उपदेशाकडे वळतो, तेथें पुस्तक फिकें पडतें. व्हर्जिनीच्या मृत्यूनंतरचीं पानें पाहा. म्हातारा शेजारी पॉलचें सांत्वन करतांना मृत्यु हेंच वरदान कसें, याचें लांबलचक प्रवचन करतो. वादळानें विचारलेल्या प्रश्नाला हें उत्तर नव्हे. ती पळवाट आहे. वस्त्रांच्या प्रसंगाचेंहि तसेंच. त्या जहाजावरून वांचलेल्या लोकांच्या जबान्यांत, नग्न स्थितींत किनाऱ्याला लागणें आपल्या पदाला शोभणार नाहीं म्हणून कपडे उतरविण्यास नकार देणारा मनुष्य आहे तो जहाजाचा कप्तान. पुरुषाचा अधिकाराभिमान लेखकानें मुलीच्या लज्जेंत पालटला आणि तिला संतपद दिलें. युरोपांतील कित्येक पिढ्या त्या प्रसंगावर रडल्या हें खरें. पण आज तो वाचतांना वारा खरा वाटतो आणि लज्जा रचलेली वाटते. तीच गत गुलामांची. दोन्ही कुटुंबांची शेतीभाती दोमँग व मारी हे दोन गुलाम राबून करतात, आणि लेखक त्यांना त्या सुखी संसारांतलींच माणसें म्हणून रंगवितो. एक पळालेली गुलाम स्त्री आश्रयास येते, तर व्हर्जिनी दयेपोटीं तिला मालकाकडे परत नेऊन क्षमा मागते, आणि मागाहून कळतें कीं तिला शिक्षाच झाली! येथेंहि घटना खरी आहे. तिच्यावर चढविलेला गोडवा खोटा आहे.

याच्याशीं ताडून पाहण्याजोगी दुसरी कृति म्हणजे जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’, १९०२ सालची. कॉनरॅड स्वतः जहाजाचा कप्तान म्हणून १८८८ मध्यें मॉरिशसला गेला होता व त्या बेटावर त्यानें एक दीर्घ कथाहि लिहिली. पण ‘टायफून’ चीनच्या समुद्रावरची आहे. तींत वायुभारमापक आरंभापासून भिंतीवर टांगलेला आहे. कप्तान मॅक्व्हर पारा उतरतांना स्वच्छ पाहतो, वादळांवरचें पुस्तकहि उघडतो. परंतु न पाहिलेल्या वादळाला वळसा घालणें त्याच्या सरळ बुद्धीला पटत नाहीं, आणि तो नाकासमोर चालत राहतो. सँ-पिएरच्या लोकांना यंत्र नाहीं, पण चिन्हें कळतात. कॉनरॅडच्या कप्तानापाशीं यंत्र आहे, पण कल्पनाशक्ति नाहीं. दोघांचाहि विषय मात्र एकच आहे: कळणें आणि वळणें यांमधील अंतर. बेटावरील लोक ढोल ऐकतात, तोफा ऐकतात, किनाऱ्यावर जमतात, पक्ष्यांची भाषा समजतात. आणि जहाज तरीहि त्यांच्या डोळ्यांदेखत फुटतें. वादळाच्या गोष्टींचें करुण याच अंतरांत असतें. त्यापुढें नुसता लाटांचा गडगडाट म्हणजे पोकळ आवाज.

या कथेचा उत्तरार्ध इतिहासानें लिहिला आहे. कादंबरींत व्हर्जिनीला पाम्प्लमूस येथील देवळाशेजारीं, वेळूच्या बेटाखालीं पुरलें, असें सांगितलें आहे. त्याच पाम्प्लमूसला पुढें एक वेधशाळा झाली. तिचा पाया १८७० मध्यें घातला गेला. चार्ल्स मेल्ड्रम या शास्त्रज्ञानें बेटावर १८५१ सालीं हवामानाचें मंडळ स्थापून जहाजांच्या नोंदवह्यांतून हिंदी महासागरांतील वादळांचा अभ्यास आरंभिला होता. त्याच्याच हाताखालीं ही वेधशाळा चालली. कल्पित समाधीच्या परिसरांत पाऱ्याची खरी नळी उभी राहिली, यापेक्षां समर्पक योग कोणता? परंतु नळी आली म्हणून अंतर मिटलें असें नाहीं. २९ एप्रिल १८९२ रोजीं बेटावर चक्रीवादळ आलें. वादळांचा हंगाम एप्रिलच्या मध्यापूर्वींच संपतो, अशी तोंवरच्या अनुभवावर बसलेली समजूत होती. दाब सुमारें ९४७ मिलिबारांपर्यंत उतरला. समुद्रसपाटीवरील सरासरी १०१३ शीं तुलना केली, तर प्रत्येक चौरस मीटरवरचें हवेचें ओझें साडेसहाशें किलोंहून अधिक हलकें झालें, असा त्याचा अर्थ. दुपारीं वादळाचा मध्य आला, वारा पडला. आणि त्या शांततेनंतर उलट दिशेनें जो वारा सुटला त्यानें पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त केला. सुमारें १२०० माणसें गेलीं. चार वर्षांनीं तेथें आलेल्या मार्क ट्वेनच्या प्रवासवर्णनांत पॉल-व्हर्जिनीची गोष्ट आणि हें वादळ, या दोहोंचाहि उल्लेख आहे.

त्या वेळीं बेटावर आपलीं माणसेंहि होतीं. गुलामी बंद होण्याच्या सुमारास, १८३४ पासून, करारानें मजूर नेण्यास सुरुवात झाली, आणि त्यांत कोंकणांतून मुंबई बंदरमार्गें गेलेले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आजहि तेथें गणपति बसवितात. आग्नेय वाऱ्याच्या त्या उगमाकडे, पावसाची उलटी वाट धरून गेलेल्या या लोकांनीं उंसाच्या मळ्यांत असलीं वादळें कशीं सोसलीं, याची कादंबरी मात्र सँ-पिएरनें लिहिली नाहीं, आणि आमच्याहि कोणी लिहिलेली आमच्या वाचनांत नाहीं. व्हर्जिनीला समाधि मिळाली. मळ्यांतल्या चाळींवरून गेलेल्या वाऱ्याला कथा मिळाली नाहीं. ही उणीव भरून काढणारानें सँ-पिएरपासून काय घ्यावें आणि काय टाकावें, हें वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावें.

घ्यावी ती त्याची नजर: वारा केव्हां थांबला, कोणत्या दिशेनें परतला, लाट वाऱ्याच्या आधीं कां आली, महिना कोणता होता. टाकावा तो त्याचा सिद्धांत, कीं हें सर्व आपल्या सोयीसाठीं चाललें आहे. खरबुजाच्या रेघांचें त्याचें तत्त्वज्ञान आज विनोदापुरतें उरलें आहे. पण त्या बेटावरची निर्वात, कोंडलेली रात्र, चंद्राचें खळें आणि दूर खडकांवर आपटणारा समुद्र हीं आजहि वाचकाच्या छातीवर दडपण आणतात. कारण तीं लिहितांना लेखक सृष्टीला शिकवीत नव्हता. तो तिचें ऐकत होता.